हेलिकॉप्टरात काय नेसावं

डहाणू, सोमवार,
१८ नोव्हेंबर १९६३, दुपारचे बारा

प्रिय चंदा,

हे पत्र तुला लाहू कंडक्टर बालवाडीतच आणून देईल. आशागडचा तो उंच लाहू, तुला ओळखतो म्हणाला. त्याची बस इथून दोनला सुटते, साडेतीनपर्यंत तलासरीला पोचते आणि साडेपाचला परत फिरते. म्हणजे तुझ्या हातात दोन तास आहेत. पोरांना घरी सोड, एका जागी बस आणि मग वाच. आधीच सांगते, कोणी गेल्याची बातमी नाही. निदान आत्ता बारा वाजेपर्यंत तरी नाही. पण मोरूची होडी परत आलेली नाही. तुझ्या भावाला घर सोडून आज नववा दिवस, आणि उद्या सकाळी आठ वाजता मी लष्कराच्या हेलिकॉप्टरात बसून त्याला शोधायला जाणार आहे. हे वाक्य लिहून मी दोनदा वाचलं. माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही, तर तुझा काय बसणार.

बुधवारचं वादळ तुमच्याकडेही झालं असेल. पण तुमच्याकडे वाऱ्यानं कौलं जातात, आमच्याकडे माणसं. त्या आधीच्या रविवारी पहाटे आपल्या पाड्यातल्या अकरा होड्या गेल्या होत्या. शुक्रवारपर्यंत सात परत आल्या, कोणी उंबरगावला लागून, कोणी दमणला लागून. चार आल्या नाहीत. रूपीच्या घरची, विठाबाईच्या घरची, महादेवची आणि आपली. शनिवारी एका आगबोटीनं मुंबईला कळवलं की आत समुद्रात पाच-सहा होड्या डोलकाठ्या मोडून वाहत चालल्यात. त्यात आपल्या किती आणि गुजरातकडच्या किती, ते आगबोटीवाल्यांना काय कळणार. आपल्या होडीवर मोरू धरून पाच जण आहेत. पिंपात पाणी आठ दिवसांचं असतं, ते तुला मी सांगायला नको. घोटघोट पुरवलं तर दहा दिवस. उद्या दहावा. मी बोंबील सुकत घालते, भाकरी थापते, नवशीची वेणी घालते, आणि आतल्या आत पाणी मोजत असते.

आज सकाळी किनाऱ्यावर जीप आली. मामलेदार कचेरीतला कारकून आणि त्याच्याबरोबर हवाई दलाचा एक अधिकारी, पोरसवदाच, पण बोलणं मोठं अदबीचं. तो हिंदीत बोलायचा आणि कारकून आम्हांला मराठीत सांगायचा. बेत असा आहे. हेलिकॉप्टर वरून होड्या शोधणार, आणि खालून एक लाँच त्या होड्यांकडे जाणार. गुजरातच्या होड्यांसाठी तिकडून दुसरी लाँच निघालीय. आपल्या लाँचला दिवसभरात तीन-चार होड्याच गाठता येतील, म्हणून तिला नेमकं आपल्या होड्यांकडेच धाडायला हवं. त्यासाठी वरून बघून ही आमची, ही आमची नाही, असं सांगणारं माणूस पाहिजे. तरणे पुरुष सगळे राहिलेल्या होड्या घेऊन शोधायला गेलेत. घरी आहेत ते म्हातारे. त्यातल्या त्यात देवजी तांडेल, पण त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यानंच माझ्याकडे हात केला. म्हणाला, “वेणूला न्या. पाण्यावर काळा ठिपका दिसायचा असतो, तेव्हा ही शीड कोणाचं ते सांगते.” सगळ्या बायांनी माना हलवल्या. 

आपण शिडं कशी ओळखतो हे त्या अधिकाऱ्याला समजावताना कारकुनाची पुरती दमछाक झाली. दिवाळीनंतर लांबच्या मासेमारीला निघायच्या आधी शीड धुवायचं, वरच्या कोपऱ्यातलं जुनं ठिगळ उसवायचं आणि घरच्या बाईच्या वापरलेल्या लुगड्याचं नवं लावायचं, हे त्याला कसं कळावं. आम्ही किनाऱ्यावर होडीचं नाव घेत नाही, विठाबाईचं हिरवं आलं, रूपीचं जांभळं आलं, असं म्हणतो, हे ऐकून तर तो थोडा हसला. पण लगेच वहीत लिहून घेतलं. त्याचं म्हणणं, हेलिकॉप्टर फार खाली नेता येत नाही, त्याच्या वाऱ्यानं होडी उलटेल. वरून होड्या सगळ्या सारख्याच दिसतात. पण डोलकाठी मोडली की माणसं उन्हासाठी शीडच होडीवर पसरून घेतात, तेव्हा वरून दिसेल ते शीडच. म्हणजे ठिगळाचा रंग सांगता आला की काम झालं. तीन होड्यांचे रंग मी त्याला उभ्या उभ्या सांगितले. मग त्यानं विचारलं, आणि तुमची स्वतःची? मी म्हटलं, ओळखीन.

आता ऐक, हेलिकॉप्टरात बसायला काय काय सोंगं करावी लागतात. कारकुनानं एका कागदावर सगळं लिहून दिलंय आणि तो कागद मी सकाळपासून इतक्यांदा वाचलाय की त्याच्या घड्या फाटायला आल्या. पहिलीच अडचण लुगड्याची. साडी चालणार नाही, पदर उडतो, पंख्यात ओढला जातो, बाईनं लेंगा घालावा. लेंगा! मी कारकुनाला म्हटलं, त्यांना सांगा, या लुगड्यात मी कमरेएवढ्या पाण्यात उतरून होडीतला माल उतरवते, आजवर ते कुठे उडालं नाही. अधिकाऱ्यानं माझा गुडघ्यापर्यंतचा काष्टा बघितला, मान डोलावली आणि म्हणाला, पदर मात्र कमरेला गच्च खोचून वरून दोरीनं बांधा. तेवढ्यावर मिटलं. पण वर दार उघडं असतं म्हणे आणि गार वारा लागतो, तेव्हा लोकरीचं काहीतरी पाहिजे. आपल्या पाड्यात लोकर कोणाकडे असणार. शेवटी इराण्याच्या चिकूवाडीतल्या राखणदाराचा खाकी कोट मिळाला. त्याला विडीचा इतका वास आहे की नवशी जवळ येत नाही. त्याची दोन बटणं लोंबत होती, ती मी आत्ताच घट्ट शिवून घेतली, कारण अंगावर सुटं काहीही नको असं लिहिलंय.

अनवाणी चालत नाही, चपला चालत नाहीत, बंद बूटच हवेत. पोस्टमननं त्याचे कॅनव्हासचे बूट दिलेत. त्यांत पुढे चिंध्या कोंबल्या तेव्हा कुठे पाय बसले. मी घरातल्या घरात चालून दाखवलं, तर नवशी हसून हसून लोळली. चंदा, नऊ दिवसांत या घरात कोणी हसलं नव्हतं, म्हणून मी उगाच आणखी दोन फेऱ्या मारल्या. कानात कापूस घालायचा, आवाजानं कान बसतात. अंबाड्यात फूल नको, काटा नको, वरून रुमाल बांधायचा. उपाशीपोटी बसायचं नाही आणि पोटभर जेवायचंही नाही. विठाबाईनं आल्याचे तुकडे मीठ लावून दिलेत, ओकारी आली तर चघळायला. मालधक्क्यावरच्या काट्यावर उभं करून माझं वजनसुद्धा केलं. सेहेचाळीस किलो. मी म्हटलं, मला रतलात सांगा, तर हमाल म्हणाला एकशे एक. बोंबलाच्या गोण्या मोजतात तिथे मी उभी, आणि आजूबाजूला बघे. आणखी एक मोठी ताकीद आहे. हेलिकॉप्टरकडे समोरूनच जायचं, खाली वाकून जायचं, शिपाई हातानं खुणावेल तेव्हाच निघायचं, आणि शेपटाच्या बाजूला चुकूनही फिरकायचं नाही. तिथला लहान पंखा फिरताना दिसतच नाही म्हणे. वाकून चालायचं मला काही वाटत नाही. बोंबील वाळत घालायच्या काठ्यांखालून आपण जन्मभर वाकूनच चालतो. मी मघाशी तिथेच चालून सराव केला.

बांगड्यांवरून मात्र मी हटून बसले. काचेच्या बांगड्या काढाव्यात असं कागदावर आहे. आत चढवताना शिपाई मनगटाला धरून ओढतो, काच फुटली तर नस कापेल. बरोबर आहे त्याचं. त्यात त्याची चूक काही नाही. पण नवरा समुद्रात असताना मी हात रिकामे करू? रूपी माझ्या शेजारीच उभी होती, तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले, जणू तिच्याच काढायला सांगितल्या. कारकून हळू आवाजात म्हणाला, बाई, हा सरकारी नियम आहे, यात शकुन-अपशकुन काही नाही. मी म्हटलं, साहेब, तुमच्या घरी विचारून या. शेवटी त्या अधिकाऱ्यानंच तोड काढली. मनगटापासून कोपरापर्यंत फडकं गुंडाळायचं, वरून सुतळी. मी आत्ताच बांधून बघितलं. बांगड्या हलत नाहीत, वाजत नाहीत, पण आत आहेत. मंगळसूत्र चोळीच्या आत. एवढं झालं तेव्हा मला जरा रडू आलं, मग राग आला, मग पुन्हा भाकऱ्या थापायला बसले.

काय न्यायचं त्याचंही सांगते. टोपली नाही, डबा नाही, रॉकेल नाही, आगपेटी नाही. एक कापडी पिशवी, तोंड दोरीनं आवळून बांधलेली, मांडीवर धरायची आणि हातात दोरीचा फास ठेवायचा. त्यांच्याकडे पाण्याच्या रबरी पिशव्या आहेत, त्या ते वरून सोडणार. खायचंही देणार. पण ते काय देणार, बिस्किटं. मी चणे, गूळ आणि नाचणीच्या भाकऱ्या कडक भाजून घेतल्यात. सुके बोंबील घेणार होते, पण तहानेल्या माणसाला खारं देऊ नये असं अधिकारी म्हणाला. मला हे आपणहून सुचलं नाही, याचीच लाज वाटली. मोरूची तंबाखूची चंची तेवढी घेतलीय. आगपेटीला मनाई आहे, तंबाखूला नाही, आणि तो काही ओढत नाही, दाढेत धरतो. तू म्हणशील, नवऱ्याशी भांडून बसलेली बाई त्याची तंबाखू घेऊन आकाशात निघाली. म्हण. तुझ्या तोंडून कितीतरी दिवसांत काही ऐकलेलं नाही.

एका फॉर्मवर सही करावी लागली. मी माझ्या खुशीनं जात आहे, काही झालं तर सरकार जबाबदार नाही. खाली एक ओळ होती, जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता. मोरूचं लिहून काय उपयोग, तो कुठे आहे तेच तर शोधायचंय. मी लिहिलं, चंद्रावती, बालवाडी शिक्षिका, तलासरी. नातं विचारलं तेव्हा तोंडातून मैत्रीण निघालं. कारकून म्हणाला मैत्रीण चालत नाही. मग नणंद लिहिलं. ज्या घरात दोन वर्षं तुझं नाव घ्यायला बंदी आहे, त्या घरच्या बाईनं ते सरकारी कागदावर शाईनं लिहिलंय. नवशी आज-उद्या रूपीकडे राहील. पण माझं बरंवाईट झालं तर तिला तू ने. ती सहा वर्षांची आहे, काजळ घालू देत नाही आणि भात नुसता खाते. तुझ्या बालवाडीतल्या पोरांत ती चार दिवसांत रुळेल. तू कोसबाडला जायच्या आधी तिला खडूनं मासा काढायला शिकवलं होतंस, तो ती अजून दारात काढते. मोरू तो कधी पुसत नाही. त्यावरून ओलांडून जातो.

आता जे मी टाळतेय ते लिहायलाच हवं. बस सुटायला वेळ थोडा राहिला. आमचं भांडण तुझ्यावरून झालं. महादेवच्या पुतण्याशी तुझं लग्न ठरवून मोरूनं शब्द दिला, तू तो मोडून कोसबाडला शिकायला गेलीस, आणि चार माणसांत त्याची मान खाली गेली. हे सगळं मला मान्य आहे. पण दोन वर्षं? दोन भाऊबिजा? या दिवाळीला मी त्याला साफ सांगितलं, बहिणीला ओवाळायला घरी आण, नाहीतर या वर्षी शिडाला माझ्या लुगड्याची चिंधीही मिळणार नाही. त्याला वाटलं मी दोन दिवसांनी विसरेन. भाऊबीज कोरडीच गेली. शीड धुऊन वाळत घातलं, तेव्हा मी डोक्यात राख घालून गेले आणि दरवर्षीसारखं जुनं ठिगळ उसवलं. नवं लावलं नाही. दोन हात लांबरुंद भोक तसंच ठेवून घरी आले. चंदा, असलं शीड वादळात कसं फाटत जातं ते मला माहीत नाही असं नाही. मला वाटलं होतं तो येईल, दोन शब्द बोलेल, आणि मी लुगडं काढून देईन. लुगडं मी फाडून, घडी करून ठेवलंसुद्धा होतं. तो म्हणाला, “ठिगळावाचून जाईन.” आणि मी म्हटलं, जा. रविवारी पहाटे काळोखातच भरतीवर होड्या सुटल्या आणि लग्नानंतर पहिल्यांदा मी किनाऱ्यावर गेले नाही. अंथरुणात डोळे मिटून पडून राहिले.

त्यानं शिडाचं काय केलं हे मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. होडीवरच्या धोंडूची बायको हिरकणी सांगते, होड्या सुटायच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, मोरू एकटाच होडीत सुई-दोरा घेऊन बसला होता आणि त्यानं कोणाला जवळ येऊ दिलं नाही. मला वाटलं, जुनंच पुन्हा टाचलं असेल. म्हणून घरी येऊन बघितलं, तर जुनं ठिगळ खुंटीवर तसंच. आणि आज जीप गेल्यावर देवजी मला बाजूला घेऊन म्हणाला की त्या शनिवारी दुपारी मोरू तलासरीच्या बसमधून उतरताना त्याला भेटला होता. काखेत कापडाची गुंडाळी होती. देवजीनं रंग विचारू नकोस म्हणून आधीच सांगितलं, त्याला आता काळंपांढरंच तेवढं कळतं. मला सांगायचं नाही, अशी मोरूनं त्याला शपथ घातली होती. नऊ दिवस त्या म्हाताऱ्यानं ती पाळली.

म्हणून हे पत्र. पहिल्याच ओळीत विचारायला हवं होतं, पण हात वळला नाही. त्या अधिकाऱ्याला मी ओळखीन म्हणाले, ते खोटं आहे. खरं सांगितलं असतं तर त्यानं मला नेलं नसतं, आणि दुसरं न्यायला कोणी नाही. उद्या मी वरून आमची नाही म्हणाले की लाँच त्या होडीकडे पाठ फिरवून निघून जाईल. चंदा, मोरू तुझ्याकडे आला होता का? तू त्याला काय दिलंस, साडी की लुगडं, कोणता रंग, काठ कसा, ते याच कागदामागे लिही आणि उरलेल्या कापडाचा बोटभर तुकडा असेल तर लाहूच्या हाती दे. त्यानं तुलाही शपथ घातली असेल तर ती मोड, पाप माझ्या माथी. आणि तो आला नसेल, तलासरीला दुसऱ्याच कामाला गेला असेल, तर माझं मन राखायला काहीबाही लिहू नकोस. नुसतं नाही असं लिही. मग उद्या मी रंग बघणार नाही. मी ठेवलेलं भोक शोधीन.

सातच्या बसकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
वेणू